टेम्पो शनिवार-रविवार रिकामाच आहे

येळ्ळूर
संक्रांतीनंतरचा गुरुवार

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

पिशवीत वर भाकऱ्या आणि शेंगाची चटणी, खाली कुंद्याचा डबा, आणि डब्याखाली हे पत्र. आईला ठाऊक नाही. फोनवर बोललो की तू नुसतं 'हं' म्हणतोस, मग माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो. मोटारसायकल शर्यतीच्या ट्रॅकवर कशी न्यायची यावरनं झालेलं भांडण उकरून काढायचं नाही. गाडी चालवत ने नाहीतर टेम्पोत घालून ने, तुझं तू ठरव, पंचवीस वर्षांचा आहेस. मला एवढंच विचारायचं आहे की रविवारी संध्याकाळी ट्रॅक बंद झाल्यावर तू परत कसा येणार?

'जसा गेलो तसा' म्हणालास, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. रात्री दोनला बेंगलोर सोडायचं, सातला पोचायचं, दिवसभर गाडी पिळायची, पाचला हेल्मेट काढायचं आणि पुन्हा तेच घालून तीनशे किलोमीटर. सोमवारी सकाळी ऑफिस. हा हिशोब तू कागदावर मांडलास तेव्हा झोप कुठल्या ओळीत होती ते मला दिसलं नाही.

तो ट्रॅक आहे कुठं म्हणून मोबाइलवर बघितलं, तर आपलाच रस्ता निघाला की रे! श्रीपेरुंबुदूरच्या पुढं इरुंगाट्टुकोट्टई. आमच्या वेळी बराचसा एनएच ४, आताचा ४८. निपाणीवनं येतो, बेळगावाला वळसा घालून कित्तूर, धारवाड, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग करत बेंगलोरला जातो आणि तिथनं होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर करत मद्रास. बेळगावच्या उद्यमबागेतनं ट्रकात कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, भरून याच रस्त्यानं जायचो. त्या गावावनं कितीदा गेलो असेन, पण आत मोटारसायकली पळतात हे कुणी सांगितलं नाही. आम्हाला तिथं फक्त चहा कुठं बरा मिळतो ते माहीत. अंबूर जवळ आलं की चामड्याच्या कारखान्यांचा वास यायचा, मग वस्ताद, म्हणजे आमचे ड्रायव्हर, म्हणायचे, उठा, वेल्लोर आलं. १९९१ च्या मे महिन्यात राजीव गांधींना श्रीपेरुंबुदूरला मारलं तेव्हा आम्ही राणीपेटच्या अलीकडं अडकलो होतो. मी क्लीनर, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. सगळं बंद. ताडपत्रीखाली झोपायचं आणि एका म्हातारीनं दिलेली ताकातली भात-शितं खायची. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची. वस्ताद रोज सकाळी तिच्या अंगणाला पाणी मारून द्यायचे.

हे कशाला सांगत बसलो? हां, वस्तादांचं एक होतं. मद्रासला माल उतरला की गाडी त्याच जागी उभी. आंघोळ, जेवण, झोप, आणि मगच किल्ली. मालक फोनवर कितीही ओरडू दे. भरलेली गाडी माणूस जीव मुठीत धरून चालवतो, रिकामी गाडी हसत चालवतो, आणि रस्त्याच्या कडेला ज्या उलट्या पडलेल्या दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच रिकाम्या असतात, असं ते म्हणायचे. काम झालं की डोळा आपला राहत नाही. धाकट्या मामाचंही जाताना नाही झालं. येताना झालं. आईसमोर हे मी कधी बोलत नाही, तूही बोलू नको.

ट्रॅकची मला भीती नाही, हे लिहून ठेव. तुला वाटतं बापाला ट्रॅक म्हणजे मरण वाटतं. तसं नाही. आत सगळे एकाच दिशेनं जातात. समोरनं कुणी येत नाही, कुत्रं नाही, झेंडा घेतलेली माणसं उभी असतात, अँब्युलन्स उभी असते, अंगावर चामड्याचा सूट असतो. त्या मानानं आपला रस्ता बघ. परवा तू रागानं निघालास तेव्हा दिवेलागण झाली होती आणि कारखाने सुरू आहेत. डबल ट्रॉलीचा उसाचा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रेडियम, वरनं ऊस दोन्हीकडं लोंबकळलेला. तुझा 'पोचलो' येईपर्यंत मी अंगणातच होतो. मळणीची पोती मोजतोय असं आईला सांगितलं.

दिवसभर दीडशेनं गेलेल्या डोळ्याला रस्त्यावरचं ऐंशी म्हणजे उभं राहिल्यासारखं वाटतं. मनगट आखडलेलं असतं, टाकी दाबून मांड्या भरून आलेल्या असतात. त्यात तिकडनं बेंगलोर म्हणजे सरळ पश्चिम. पाचला निघालास तर मावळेपर्यंत सूर्य डोळ्यांत, आणि मावळला की समोरच्या ट्रकांचे दिवे डोळ्यांत. ट्रॅकवर आरसे काढतात, हेडलाइटला टेप मारतात, टायरमधली हवा कमी करतात, कूलंट काढून नुसतं पाणी घालतात, कारण कूलंट सांडलं तर मागचा घसरतो. हे सगळं तूच मला हौसेनं सांगितलंस. मग संध्याकाळी दमलेल्या हातानं ते सगळं परत जागेवर कोण बसवणार? एक आरसा ढिला राहिला तर? हवा भरायची राहिली तर?

बघ, सुरू झालं माझं. लेक्चर नको म्हणालास आणि मी पान भरवलं. सोड. तू माझ्यापेक्षा या गाडीतलं जास्त जाणतोस, हे मी मागं आत्यासमोरही कबूल केलंय.

तुझं म्हणणं मी ऐकलं नाही असं समजू नको. रस्त्यावरची गाडी आहे, नंबरप्लेट आहे, मग ती चाकावर जाईल, पाठीवर कशाला? बरोबर आहे. चालवत गेलं की गाडी काय बोलते ते वाटेतच कळतं, ब्रेक कसे आहेत, चेन कशी आहे. निम्मी पोरं चालवतच येतात हेही खरं असेल. टेम्पोत आवळून बांधली की पुढच्या फोर्कचं सील जातं, ही तुझी भीतीही अगदीच खोटी नाही. बांधणाऱ्याला अक्कल नसली तर जातंच. 'टेम्पोतनं गाडी आणणारी पोरं बापाच्या पैशावर खेळतात' हे मात्र लागलं. बापाकडं पैसा नाही रे, बापाकडं टेम्पो आहे.

आता बांधण्याचं ऐक, कारण हा माझा धंदा आहे आणि इथं तू मला शिकवायचं नाही. छोट्या हत्तीचा, म्हणजे आपल्या टेम्पोचा, हौदा सात फुटांच्या वर आहे, तुझी आरसी ३९० त्यात सरळ बसते, तिरकी घालावी लागत नाही. पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवायचं, मधे जुना टायर. पुढचे दोन पट्टे हँडलच्या टोकांना नाही, खालच्या क्लॅम्पला, मऊ फास घालून, आणि दोन्हीकडनं सारखे ओढायचे. फोर्क निम्मा दबला की बस्स. पूर्ण दाबला तर खड्ड्यात त्याला हलायला जागाच उरत नाही, सील तिथं जातं. मागचे दोन पट्टे नुसते डुलू नये म्हणून. गाडी पहिल्या गियरमध्ये, साइड स्टँड वर घेतलेला, कारण स्टँडवर बांधलेली गाडी प्रत्येक खड्ड्याला त्या एका पायावर नाचते. आणि निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून पट्टे पुन्हा बघायचे, पहिल्यांदा ते सैल होतातच. वीस टनाची कास्टिंग मद्रासपर्यंत एक इंच हलू दिली नाहीत आम्ही, तुझी पावणेदोनशे किलोची गाडी काय हलणार? वजन तुला पाठ असेल, चूक असेल तर सांग.

परमिटचं तू विचारलंस, कुत्सितपणे का होईना. लागत नाही. तीन हजार किलोच्या आतल्या मालगाडीला परमिट नाही. तमिळनाडूत केए २२ चा टेम्पो बघून पोलिसानं थांबवलं तर मी आहे बोलायला. सीमाभागात जन्म काढलाय, दुसऱ्याच्या भाषेत कागद दाखवायची सवय आहे.

कागदावरनं आठवलं. आत्याच्या मुलीकडनं तुझी पॉलिसी वाचून घेतली. रेसिंग, स्पीड टेस्टिंग, पेस मेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल यातलं काही त्यात बसत नाही, असं स्वच्छ छापलंय. म्हणजे आत आपटलास तर दुरुस्ती आपल्या खिशातनं. ते चालेल, गाडी आहे, पडणार. पण आत हलकासा घसरलास, तुला खरचटलंही नाही, फक्त क्लचची लिव्हर तुटली, फुटरेस्ट गेला, हँडल जरा वाकलं, तर संध्याकाळी काय करणार? मला ठाऊक आहे काय करणार. फुटरेस्टच्या जागी पाना बांधून वाकड्या हँडलानं तीनशे किलोमीटर येणार आणि मला सांगणार काही झालं नाही. किंवा दुसरं. हीच गाडी घेऊन घरी जायचंय म्हणून दिवसभर आत भीतभीत चालवणार. मग एवढी फी कशासाठी भरलीस? टेम्पो बाहेर उभा असला की तू आत मोकळा असशील. मला तर वाटतं तुझा वेळही सुधारेल. मी तुझ्या बाजूनंच बोलतोय, जरा बघ.

सव्वादोन मिनिटांचं म्हणाला होतास ना. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. तीन पूर्णांक सात किलोमीटरचा फेरा सव्वादोन मिनिटांत म्हणजे सगळी वळणं धरून सरासरी शंभराला टेकते. मी दोनदा करून बघितलं. उद्यमबागेत ज्या लेथवर तू तो स्लायडरचा बुश काढून घेतलास, तिथल्या माणसाला सांगितलं तर त्यानं आधी खोटं म्हटलं, मग मी फोटो दाखवला. गुडघा जमिनीला टेकलेला तो. तो फोटो टेम्पोत रेणुकेच्या फोटोशेजारी लावलाय. भाडं घेऊन जाताना मार्केट यार्डातले हमाल विचारतात, मी म्हणतो, आमचा धाकटा. आईला वाटतं ट्रॅक म्हणजे शाळेच्या मैदानासारखं काहीतरी असतं, तिथं तुम्ही गोल फिरता. तो गैरसमज मी मोडला नाही. फोटोतला गुडघा म्हणजे तू चेन बघायला वाकलायस, असं सांगितलंय.

लहानपणीही तू असाच. २०१४ ला बोर्डाच्या वेळी तुला खोलीत कोंडलं होतं तर कौलं काढून बाहेर पडलास, आणि संध्याकाळी त्याच कौलातनं आत आलास, मला कळू नये म्हणून. मला कळलं होतं. कोंडून तू राहत नाहीस हे तेव्हाच समजलं, म्हणून आता नको म्हणत नाही. जा. फक्त येताना.

टेम्पो नकोच असेल तर निदान एवढं कर. चालवत जा, पण शनिवारी दुपारी, उजेडात. रात्री श्रीपेरुंबुदूरला लॉजवर झोप, कंपन्यांचा भाग आहे, खोल्या मिळतात. रविवार संपला की पुन्हा तिथंच झोप. सोमवारी पहाटे निघ, सूर्य पाठीला राहील, दुपारी ऑफिसला जा. अर्ध्या दिवसाची रजा जाते. खोलीचे पैसे मी देतो, आणि हे मी चिडून म्हणत नाही.

आणि टेम्पो चालणार असेल तर मी शुक्रवारी रात्री जेवून निघतो. दमानं आलो तरी शनिवारी सकाळी तुझ्या दारात. दोघं मिळून गाडी चढवू, तू पुढं बस, वाटेत झोप. रविवारी मी आत येत नाही, तुझ्या मित्रांसमोर तुला अवघड वाटत असेल तर बाहेर झाडाखाली बसतो. पण कुठनं तरी दिसत असेल तर एखादा फेरा बघीन म्हणतो. माझी झोप मी तिथंच काढून घेतो. येताना स्टिअरिंग माझ्याकडं, तुला वाटेल तसा पाय पसरून झोप. आणि डोळा जड झाला तर मीही वेल्लोरला थांबेन, तेव्हा घाई करायची नाही.

बुधवारपर्यंत कळव. गुरुवारी यार्डातला माणूस भाजीच्या भाड्याचं विचारायला येतो, त्याला हो किंवा नाही सांगावं लागतं. फोन नको, मेसेज कर, फोनवर आपलं पुन्हा बिनसेल.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम करत नाही. बासमती भरडायला दिलाय, थोडा तुझ्यासाठी ठेवला. कुंदा सगळा एकटा खाऊ नको, खोलीतल्या पोराला दे.

तुझा
अप्पा

ता. क. रॅचेटवाले चार पट्टे आणि मऊ फास घेऊन ठेवलेत. दुकानदार म्हणाला, घेतलेला माल परत घेत नाही.