संग्रहालयातील जुन्या वस्तूंच्या हेळसांडीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपल्या कंपनीकडे चालवायला असलेल्या संग्रहालयातील वस्तूंची होणारी नासधूस आणि गायब झालेल्या नोंदी

महोदय,

आपली कंपनी चालवत असलेलं जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय पाहायला मी गेल्या रविवारी घरच्यांसह आलो होतो. 'माहितगार सोबत असेल, प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगेल' असं तिकिटावर छापलं आहे. माहितगार शेवटपर्यंत आला नाही. तिकिटाचे पैसे परत केलेत तर तेवढा भाग मिटेल. पण आत वस्तूंचे जे हाल चालले आहेत ते पाहून मला राहवलं नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

दालनाच्या मधोमध चावीचा फोनो (जुना ग्रामोफोन) आहे. आलेल्यांना आवाज ऐकवायला आपला कर्मचारी त्यावर तबकडी लावतो. ही कल्पना मला मनापासून आवडली. पण त्याने लावली ती विनाइल प्लास्टिकची एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी! मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या यंत्रावर ३३ फेऱ्यांची तबकडी चिरक्या आवाजात धावत सुटली, लोक हसले, आणि तेवढ्यात तबकडीचं वाटोळं झालं. १९४८ साली बाजारात आलेली एलपी हलक्या पिकअपसाठी (सुई धरणाऱ्या भागासाठी) घडवलेली असते, तिच्या खाचा फार बारीक असतात. चावीच्या फोनोचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसवलेली आवाजाची जड डबी, त्यावर शंभरेक ग्रॅमचा भार टाकतो आणि पोलादी सुई त्या खाचा खरवडून काढते. सुईच्या टोकाला जमलेला काळा भुगा मी जवळून पाहिला. सुई कधी बदलता, असं विचारलं तर 'मी आलो तेव्हापासून हीच आहे' असं उत्तर मिळालं. लाखेच्या जुन्या तबकड्यांतही खडीसारखी कठीण भुकटी मिसळलेली असते. तिच्यावर सुई झिजते, म्हणून एक बाजू वाजली की सुई टाकून नवी लावायची, हीच पूर्वीची रीत होती. कर्मचाऱ्याला मी बोल लावत नाही. तो उत्साहाने दाखवत होता, त्याला हे कोणी शिकवलेलंच नाही. ते शिकवणं आपलं काम होतं.

पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर जुने फोटो लावले आहेत. दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर येतं. फोटो, कागद, कापड यांच्यासाठी संग्रहालयांत साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच उजेड ठेवतात. उन्हाचा उजेड त्याच्या शेकडो पटींनी जास्त असतो. एकदा उडालेला रंग परत येत नाही. शाळेच्या एका गटाच्या रंगीत फोटोत चौकटीच्या कडेखाली झाकलेली पट्टी अजून गडद आहे आणि मधल्या मुलांचे चेहरे पिवळट पडले आहेत. फिल्मच्या डब्यांचं कपाट उघडंच होतं, त्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची जुनी फिल्म कुजायला लागली की असा वास येतो, आणि त्या वाफेने शेजारच्या धडधाकट फिल्मही लवकर खराब होतात. वास येणारे डबे आजच्या आज वेगळे करा.

आता सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट. एका काचेच्या कपाटात व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) रेडिओ आहे. समोर आपली नवी छापील पाटी : 'जुना रेडिओ'. एवढंच. रेडिओच्या मागे, तळाशी एक जुनं हाताने लिहिलेलं कार्ड पडलं आहे. मान वाकडी करून मला त्यातलं एवढंच वाचता आलं : 'दुरुस्तीला टाकला होता, न्यायला कोणी आलं नाही, म्हणून दुकानदाराने जपून ठेवला.' अहो, असे रेडिओ हजारोंनी बनले. न्यायला कोणी आलं नाही असा हा एकच. तो पाहायलाच तर लोक इथे येतात! शिवणयंत्र, टाइपरायटर, पत्र्याच्या जाहिराती, सगळ्यांपुढे तशाच कोरड्या पाट्या आहेत. कोणी दिलं, कोणाच्या घरात होतं, काही नाही. विचारल्यावर कळलं की नूतनीकरणात 'एकसारखं दिसावं' म्हणून जुनी कार्डं काढली आणि देणगीदारांची नोंदवही गोदामात गेली. लोकांनी घरातल्या वस्तू विश्वासाने दिल्या होत्या, त्यांची नावं पुसायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

माझी मागणी अशी : जुनी कार्डं आणि नोंदवही शोधून पुन्हा मांडा. जी हरवली असतील त्यांची माहिती वस्तू देणाऱ्यांच्या घरी जाऊन विचारा, कारण ती माणसं म्हातारी होत चालली आहेत आणि याला उशीर चालणार नाही. एलपी फोनोवर लावणं ताबडतोब थांबवा. अस्सल फोटो सावलीत हलवून भिंतीवर त्यांच्या प्रती लावा. कर्मचाऱ्यांना जाणकाराकडून प्रशिक्षण द्या. आणि माहितगार देता येत नसेल, तर तिकिटावरचं ते वाक्य काढून टाका.

यातलं काय आणि कधी करणार, हे १५ दिवसांत लेखी कळवावं. तसं उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. तिकिटाची प्रत आणि रेडिओच्या कपाटाचे फोटो सोबत जोडले आहेत. कार्डाचा फोटो मोठा करून पाहिलात, तर अक्षर वाचता येतं.

आपला,
एक तिकीटधारक ग्राहक