न्याय शेवटच्या दिवसापर्यंत थांबत नाही

संपादक महोदय,

मृतांच्या स्मरणदिनानिमित्त (२ नोव्हेंबर) आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘कॅथलिकांच्या मते आत्मे जगाच्या अंतापर्यंत थडग्यात झोपून राहतात आणि मग त्यांचा न्याय होतो’ हे त्यातले विधान चुकीचे आहे. चर्चची शिकवण अशी की प्रत्येकाचा न्याय मरणानंतर लगेचच होतो. शेवटच्या दिवशी शरीराचे पुनरुत्थान होईल, सर्वांचा एकत्र न्याय होईल. पण आधीचा निकाल तेव्हा फिरत नाही.

गंमत म्हणजे लेखकाच्या जवळपास जाणारे मत एकदा खुद्द पोपनेच मांडले होते. १३३१ साली सर्व संतांच्या सणाला बाविसाव्या जॉन यांनी आव्हिन्योंत (फ्रान्समधले हे शहर तेव्हा पोपांचे मुक्कामाचे ठिकाण होते) प्रवचन केले, की पुण्यात्म्यांनाही अंतिम न्यायापूर्वी देवाचे साक्षात दर्शन घडत नाही. पॅरिसचे धर्मपंडित त्यांच्यावर तुटून पडले. १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी ते मत मागे घेतले. त्यांच्या जागी आलेल्या बाराव्या बेनेडिक्ट यांनी १३३६ साली फर्मान काढून वाद कायमचा मिटवला.

शुद्धिस्थान (बोलताना आम्ही पर्गेटरीच म्हणतो) ही नापासांसाठीची एटीकेटी, असाही लेखाचा सूर आहे. तिथल्या आत्म्यांचा स्वर्ग आधीच पक्का झालेला असतो, राहिलेला मळ तेवढा जायचा असतो. तिथून नरकात कोणीच जात नाही. लेखातली तिथल्या आगीची रसभरित वर्णने तर वाचवेनात. १५६३ साली ट्रेंट इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने बिशपांना बजावले होते, की साध्या भाविकांपुढे असले किचकट विषय काढू नका आणि पैशाचा वास येणारे प्रकार बंद करा. मृतांना जिवंतांच्या प्रार्थनेचा, विशेषतः मिस्साचा (चर्चमधल्या मुख्य उपासनेचा), उपयोग होतो एवढे मात्र ठामपणे सांगितले.

वसईत चुना दिलेल्या कबरींवर शेवंती आणि मेणबत्त्या दिसतात, फादर रांगांमधून पवित्र पाणी शिंपडत जातात, ते यासाठीच. ज्यांच्या मागे कोणी उरले नाही त्यांच्या कबरीवरही शेजारच्या कबरीवाले एखादी मेणबत्ती लावतात.

आणखी एक. ‘चर्चला दहन मान्य नाही’ हेही जुने झाले. १९६३ पासून परवानगी आहे; रक्षा विखुरण्यास मात्र २०१६ च्या सूचनेनुसार मनाई आहे आणि ती घरी ठेवणेही एरवी चालत नाही. कृपया खुलासा छापावा.

– एक वाचक, वसई