मंत्रीमहोदय, माझ्या मुलीला बोट कधी मिळणार?

मा. केंद्रीय नौवहन मंत्री,
स. न. वि. वि.

काल दुपारी एका जहाज कंपनीतून फोन आला. "सॉरी काका, या खेपेला लेडी कॅडेट घेत नाही. एकटी मुलगी, वेगळी केबिन नाही, उगाच रिस्क." कॅडेट म्हणजे बोटीवरचा शिकाऊ अधिकारी. माझ्या मुलीला हा सातवा नकार. याच कंपनीने "जूनला नक्की चढवतो" म्हणून आमच्याच खर्चाने मेडिकल करून घेतलं होतं.

साहेब, मी सत्तावीस वर्षं बोटीवर काढली, शेवटची बारा सुकाणी म्हणून. केबिनीच्या गोष्टी मला सांगू नका. दाराला आतून कडी लागते, तेवढी पुरे.

आठ मार्च आला की तुम्हा लोकांना कॅप्टन राधिका मेनन आठवतात. आठवायलाच हव्यात. केरळातल्या कोडुंगल्लूरची ही बाई रेडिओ ऑफिसर म्हणून बोटीवर आली. पुढे ती जागाच बोटींवरून गेली, तरी बाई घरी बसली नाही. परीक्षा देत देत २०१० मध्ये मास्टरचं, म्हणजे कॅप्टनकीचं, सर्टिफिकेट घेतलं, २०१२ मध्ये 'सुवर्ण स्वराज्य' या तेलवाहू जहाजाची कॅप्टन झाली. भारतीय मर्चंट नेव्हीतली पहिली. जून २०१५ मध्ये ओडिशातल्या गोपाळपूरसमोर 'दुर्गम्मा' नावाची मच्छीमार बोट इंजिन बंद पडून वाहत होती. पंचवीस फुटांवर लाटा, साठ-सत्तर नॉट, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. अन्नपाणी गेलेलं, माणसं बर्फ चघळून जगलेली. असल्या दर्यात लांबलचक टँकर एवढ्याशा होडीजवळ नेणं काय असतं, ते सुकाणू धरलेल्यालाच कळेल. सातही जण वर आले. पायलट लॅडर, म्हणजे बोटीची दोरशिडी, धरताना वर कॅप्टन बाई आहे की बाप्या, हे एकानेही विचारलं नाही. ते विचारायला एसी ऑफिस लागतं.

त्या शौर्याबद्दल आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, पुरस्कार २०१६ मध्ये मिळाला, तो मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. छान. पण २०२१ च्या मोजणीत जगभर महिला दर्यावर्दी किती? चोवीस हजारांच्या आसपास. शंभरामागे सव्वा बाई! आमची मुलगी बहुधा त्या सव्वातल्या पावात बसते.

मुलींना वयात दोन वर्षांची सवलत दिलीत, आभारी आहे. नोकरीच नसेल तर ती दोन वर्षं वाट बघण्यात जातात. वर्षभराचा डीएनएस, म्हणजे नौकानयनाचा डिप्लोमा, झाला, पुढचा अठरा महिन्यांचा सी टाइम, म्हणजे बोटीवरचा अनुभव, नाही म्हणून सेकंड मेट या अधिकारपदाच्या परीक्षेला बसता येत नाही. कर्जाचा हप्ता मात्र दर पाच तारखेला बसतो. चाळीस कलमांची बाग गहाण आहे, माझा गुडघा गेलाय, बायको माझ्याशी नीट बोलत नाही. "तुझ्या बोटीच्या वेडापायी" म्हणते.

आणि मुलग्यांचं तरी काय बरं चाललंय? एक दलाल लाखांचा आकडा सांगून गेला, "उद्या चढवतो." कॉलेजं उघडायला परवानगी मिळते, पोरांना बोटी द्यायच्या कुणी? फी घेणारा मोकळा, फीत कापणारा मोकळा, अडकतो तो बाप.

मागणी एवढीच: जी कंपनी कॅडेट घेते तिने मुलींना किती जागा दिल्या हे दरवर्षी जाहीर करायला लावा. आणि "लेडी नको" हे फोनवर नाही, कागदावर सही-शिक्क्यानिशी द्यायला लावा.

पांढरा युनिफॉर्म कपाटात डांबराच्या गोळ्यांत ठेवलाय. गणपतीला मुंबईकर येतील आणि विचारतील, "गो, खंयच्या बोटीवर हस?" काय सांगायचं तिनं, ते तेवढं कळवा.

आपला,
एक निवृत्त सुकाणी, जिल्हा सिंधुदुर्ग