दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या बिल्डिंगमध्ये आणखी दोन पोरं नुकतीच धावायला लागलीत.

त्या संध्याकाळी आमचं दीड वर्षाचं कार्टं ओल्या लादीवरून घसरलं आणि टीपॉयच्या कडेवर तोंडावर आपटलं. हनुवटीपासून बनियनपर्यंत रक्तच रक्त. मी कापूस लावायचे, उचलून बघायचे, परत लावायचे. सासूबाई हळदीचा डबा घेऊन उभ्या. रडणं ऐकून तुम्ही अनवाणीच वर आलात.

"उताणं नको धरू, रक्त पोटात जाऊन उलटी होईल. मांडीवर बसव, मान पुढे." मग पंचा गार पाण्यात पिळून तुम्ही त्याचा वरचा ओठ बाहेरूनच दातांवर दाबून धरलात. दहा मिनिटं, घड्याळ लावून. सातव्या मिनिटाला मी बघायला हात पुढे केला, तर बोटांवर चापट बसली! "सारखं उचलून बघतेस म्हणून थांबत नाहीये. थुंकीत मिसळलं की चमचाभर रक्त वाटीभर दिसतं." सासूबाईंना म्हणालात, "वहिनी, ती हळद आमटीत घाला." असं त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती.

रक्त थांबल्यावर तुम्ही विचारलंत, "दात मोजलेस?" मला सुचलंच नव्हतं. दहाच्या दहा होते. एखादा कमी भरला आणि जमिनीवरही सापडला नाही, तर तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो, लगेच हॉस्पिटल गाठायचं. पडलेला दुधाचा दात परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. मोठ्या मुलाचा कायमचा दात पडला, तर मात्र मुळाला हात न लावता थंड दुधात टाकून तडक डेंटिस्टकडे. हे सगळं तुम्ही पंचा धुता धुता सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, ओठ हिरडीला जोडणारी पातळ पट्टी फाटलीय, टाके नकोत, आपोआप भरेल. फक्त ओठ वर करून बघत बसू नका, पुन्हा रक्त येईल. मला तुमची चापट आठवली. रात्रभर उलटी, सुस्ती यांवर लक्ष ठेवा हे तुम्ही आदल्या दिवशीच बजावलं होतं.

तीन आठवड्यांनी पुढचा एक दात राखाडी झाला. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. डॉक्टरांनी हिरडीवर पुळी येते का तेवढं बघायला सांगितलंय.

तुम्ही बिनमिठाचा गार दहीभात पाठवलेलं पातेलं अजून आमच्याकडेच आहे. रविवारी आणते. रिकामं आणणार नाही, तेव्हा खीर की शिरा, आधी सांगा.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची