प्लायवूडच्या निर्यातीत ओंडक्याचाही हिशेब धरावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विदर्भात लाकडावर आधारित उद्योग उभारण्याचा विषय निघाला की इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्या प्लायवूड निर्यातीचे डॉलरमधील आकडे शेजारी शेजारी मांडले जातात आणि ज्याचा आकडा मोठा त्याचे धोरण आपण उचलावे, असा सल्ला दिला जातो. आज इंडोनेशियाची निर्यात मलेशियाच्या दुपटीहून अधिक आहे, हे खरेच. परंतु या तुलनेत ओंडक्याची किंमत कुठेच येत नाही, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

इंडोनेशियाने 1985 मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर पूर्ण बंदी घातली. परदेशी गिऱ्हाईक तुटल्याने देशातले ओंडक्यांचे भाव जागतिक भावाच्या बरेच खाली गेले, कारखान्यांना मेरांतीसारखे (तिथल्या जंगलातील एक झाड) लाकूड स्वस्तात मिळू लागले, आणि उद्योगपती बॉब हसन यांच्या हाती असलेल्या ‘अपकिंदो’ या उत्पादक संघटनेने कोणी, किती आणि काय भावाने विकायचे हे ठरवून जपानची बाजारपेठ काबीज केली. 1990च्या दशकाच्या पूर्वार्धात ही निर्यात वर्षाला 4 अब्ज डॉलरच्या घरात गेली. मात्र लाकूड स्वस्त असल्यामुळे ते वाया जाण्याचे कुणालाच काही वाटेनासे झाले, कारखान्यांची गरज जंगलाच्या वाढीपेक्षा मोठी झाली आणि ती भागवण्यासाठी बेकायदा तोडीचे लाकूड येऊ लागले. 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींमुळे संघटनेची मक्तेदारी संपली आणि पुढच्या दशकात जपानमध्ये मलेशियाने इंडोनेशियाला मागे टाकले. त्या 4 अब्जांत जंगलाचा किती तोटा दडला होता, हे निर्यातीच्या तक्त्यात दिसत नाही.

मलेशियाच्या सारावाक राज्याने प्लायवूडबरोबर ओंडकेही विकले, आणि भारत त्यांचा मोठा ग्राहक होता. तेव्हा नुसत्या प्लायवूडवरून मलेशियाचे माप काढणे अन्यायाचे आहे. अलीकडची त्यांची घसरण ओंडक्यांच्या टंचाईशी आणि जपानमधील घटत्या मागणीशी निगडित आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. लकडगंजातील कोणत्याही दुकानात प्लायवूडचा बोर्ड कडेने पाहावा: आतले थर बहुधा उत्तरेकडच्या शेतांतील पॉपलर किंवा निलगिरीचे असतात, आणि वरचा ‘फेस’ तेवढा जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर जाडीचा, अनेकदा परदेशी लाकडाचा. म्यानमारने एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हा तिथून येणाऱ्या गर्जन या लाकडाच्या फेसची चणचण भासली आणि 2010 मध्येच अशी बंदी घालून विनियरचे (लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे) कारखाने उभारणाऱ्या आफ्रिकेतील गॅबनचे ओकुमे हे लाकूड बाजारात रुळले.

आपल्याकडे नागपुरात मुख्यालय असलेले वन विकास महामंडळ सागवान जाहीर लिलावाने विकते आणि त्या बोलीतून लाकडाचा खरा भाव कळतो. ओंडके जिल्ह्याबाहेर जाऊ न देता स्थानिक कारखान्यांना सवलतीत द्यावेत, असे म्हणणाऱ्यांनी त्या सवलतीचा भार वनाच्या आणि पर्यायाने जनतेच्या खिशावर किती पडेल, हे आधी मांडावे. आपल्या दैनिकानेही यापुढे अशी तुलना छापताना निर्यातमूल्याबरोबर घनमीटरमधील परिमाण आणि कारखान्याला ओंडका कोणत्या भावाने मिळाला, हे दोन्ही द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक लाकूड व्यावसायिक,
लकडगंज, नागपूर