बुझलुजाच्या काकांना

प्रिय काका,

तुमच्या नातीला इंग्रजीत वेगळं पत्र पाठवलं आहे, ते ती तुम्हाला वाचून दाखवेलच. हे मात्र मराठीत, आणि सगळ्यांसमोर. जुनी स्मारकं, ओस पडलेल्या इमारती आणि संगीत महोत्सव असं सगळं एकाच फेरीत बघायचं म्हणून युरोपात निघालेली आपल्याकडची मुलं हल्ली बल्गेरियालाही जातात. तिथे काय बघावं हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. कसं बघावं, हे मला तुम्ही दाखवलंत. त्याबद्दल तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं फार दिवस मनात होतं.

वाचणाऱ्यांसाठी आधी जागेबद्दल सांगते. बल्गेरियाच्या मधोमध बाल्कन पर्वताची रांग आहे. तिच्यातल्या बुझलुजा शिखरावर, चौदाशे मीटरहून अधिक उंचीवर, काँक्रीटची एक अवाढव्य गोल इमारत आहे आणि तिला लागून ७० मीटरचा मनोरा. लांबून बघणारा प्रत्येक जण तिला उडती तबकडीच म्हणतो. १८९१ साली दिमितर ब्लागोएव आणि त्याच्या साथीदारांनी या डोंगरात गुपचूप जमून समाजवादी पक्षाचा पाया घातला. म्हणून कम्युनिस्ट राजवटीने १९८१ मध्ये इथे पक्षाचं स्मारक उभं केलं, आराखडा गेओर्गी स्तोइलोव यांचा. १९८९ मध्ये राजवट कोसळली आणि इमारतीला कुणी वाली उरला नाही. छपराचं तांबं चोरांनी उचकटून नेलं. मनोऱ्यावरच्या ताऱ्याची लाल काच माणकांची आहे असं समजून लोकांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. मग तीसेक वर्षं पाऊस आणि बर्फ थेट सभागृहात पडत राहिला.

डोरा इव्हानोव्हा या तरुण वास्तुविशारद बाईंनी ही वास्तू वाचवायचा ध्यास घेतला नसता, तर आज तिथे काय उरलं असतं कोण जाणे. २०१८ मध्ये युरोपातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या सात वारसास्थळांत तिचं नाव आलं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गेटी फाउंडेशनने जतनाचा आराखडा करायला निधी दिला. आणि २०२१ पासून पायथ्याच्या कुरणावर ‘ओपन बुझलुजा’ हा महोत्सव भरू लागला. तंबू ठोकायचे, गाणं ऐकायचं, आणि वर डोक्याशी ती इमारत. आम्ही दोघी मैत्रिणी त्यासाठीच आलो होतो.

त्या रात्री आम्हाला खाली काझानलक शहरात पोचवायला ठरलेली गाडी आलीच नाही. फोन लागेना. धुकं इतकं दाट उतरलं की दहा पावलांवरचा तंबू दिसत नव्हता, आणि ऑगस्ट असूनही दात वाजत होते. तेव्हा तुम्ही गाडीची काच खाली केलीत आणि नातीला आमच्याशी बोलायला लावलंत. तुमचं घर अलीकडेच होतं, तरी वळणावळणाचा तो घाट उतरून तुम्ही आम्हाला पार मुक्कामाच्या दारापर्यंत सोडलंत. पैसे पुढे केले तर तुमचा चेहराच उतरला. एवढ्यासाठीही आभार मानायला हवेतच. परक्या मुलखात, अपरात्री, दोन मुलींना असं निर्धास्त वाटणं ही छोटी गोष्ट नाही.

पण माझ्यासाठी मोठी गोष्ट पुढची. ‘उद्या सकाळी तयार राहा, उजेडात दाखवतो,’ असं तुम्ही नातीकरवी सांगितलंत.

सकाळी कळलं, की लष्करी सेवेत असताना तुम्ही याच कामावर ट्रक चालवलात. बांधकामासाठी सुरुंग लावून शिखराचा माथा नऊ मीटरने उतरवला होता, तो फोडलेला दगड खाली नेणाऱ्यांत तुमच्यासारखे विशीतले शिपाई होते. दोन मुठींत मशाली धरलेल्या त्या शिल्पापाशी तुम्ही गाडी लावलीत आणि वर चालत निघालात. तुमचा गुडघा दुखत होता, ते आम्हाला दिसत होतं.

भिंतीपाशी गेल्यावर तुम्ही माझा हात धरून काँक्रीटवर ठेवलात. त्यावर लाकडी फळ्यांचे ठसे होते. फळीच्या रेषा, गाठी, दोन फळ्यांमधली फट, सगळं जसंच्या तसं. ज्या सुतारांनी त्या फळ्या ठोकल्या, त्यांतल्या दोघांची गावं तुम्ही सांगितलीत. मग बाहेरच्या गोल सज्जाकडे बोट दाखवलंत. आतल्या सभागृहाची चित्रं रंगीत काचेच्या तुकड्यांची, पण या सज्जातली देशभरच्या नद्यांतून वेचून आणलेल्या गोट्यांची होती, आणि वाऱ्यापावसाने ती जवळजवळ सगळी गेली आहेत. दारातून तुम्हाला एक गोटा दिसला, करड्या रंगाचा, त्यात पांढरी शीर. तो कुठल्या नदीचा असेल यावर तुमचा आणि नातीचा वाद झाला. मी बर्लिनमध्ये टॉयफल्सबर्ग टेकडीवरचं अमेरिकी टेहळणी केंद्र पाहिलं आहे, सर्बियात नोव्ही सादला पेत्रोवारादिनच्या किल्ल्यात एक्झिट या संगीत महोत्सवात पहाटेपर्यंत उभी राहिले आहे. दोन्ही ठिकाणं मला आवडली. पण एखाद्या इमारतीत माणसांचे हात असे दिसले, ते फक्त तुमच्यामुळे.

तेवढ्यात चार मुलं दोर आणि टॉर्च घेऊन मागच्या बाजूला आत शिरायची वाट शोधताना दिसली. २०१८ पासून दारं बंद आहेत, पहारा असतो, तरी असे प्रयत्न चालतातच. तुम्ही त्यांच्यावर ओरडला नाहीत. जवळ बोलावलंत, छताच्या सांगाड्यातून काय काय खाली पडतं ते सांगितलंत, आणि आत पायाखाली चित्रांचे निखळलेले तुकडे असतात, एकेक पाऊल म्हणजे कुणाच्या तरी कामावर पडलेला पाय, असं म्हणालात. मुलांनी दोर गुंडाळून ठेवला. आमच्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर सुट्टीच्या दिवशी जाऊन टाक्यांतला गाळ काढणारी, भिंतीवर नावं कोरणाऱ्यांना हात जोडून थांबवणारी पोरं मी पाहिली आहेत. तुम्ही त्यांच्यात सहज शोभला असतात.

त्या राजवटीचं तुम्ही कौतुक केलं नाहीत, हेही मला इथे नोंदवायचं आहे. या इमारतीसाठी देणग्या कशा गोळा झाल्या, घरात काय बोलायचं नाही हे मुलांना कसं शिकवावं लागे, ते सगळं सांगितलंत. आणि तरी इमारत पाडू नये, असं ठामपणे म्हणालात. सत्ता वाईट होती म्हणून गवंड्याचं काम वाईट ठरत नाही, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. आपल्याकडेही अशा वादांत ते कुणी तरी मांडायला हवं.

परतताना गाडीत तुम्ही कॅसेट लावलीत. रोडोपी डोंगरातल्या गायदाचा, म्हणजे तिथल्या मशकवाद्याचा, तो जाड, अखंड सूर, तानपुऱ्यासारखा आधार देणारा, आणि त्यावर लोकगायिका वाल्या बाल्कान्स्का यांचा आवाज. हे गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेलं आहे, असं नात अभिमानाने म्हणाली. मी उडालेच. त्याच तबकडीवर आमच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे! गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. मी फोनवर ‘जात कहाँ हो’ लावलं. तुम्ही गाडी कडेला घेतलीत, इंजिन बंद केलंत आणि संपेपर्यंत बोलला नाहीत. मग ‘परत’ अशी खूण केलीत. महोत्सवातलं पुष्कळ गाणं चांगलं होतं, पण त्या प्रवासात मी खरं ऐकलं ते तिथे, रस्त्याच्या कडेला.

पुढे आम्ही बोस्नियात साराजेव्होला गेलो. त्रेबेविच डोंगरावर १९८४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेली बॉबस्लेची, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीची, घसरपट्टी आहे, आता रंगीत चित्रांनी भरलेली आणि झाडीत बुडालेली. १९९०च्या दशकातल्या युद्धात त्या डोंगरावरून शहरावर मारा होत होता आणि आसपास सुरुंग पेरलेले होते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी तिथल्याच एका माणसाला गाठलं, कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही ते विचारलं. तो आमच्याबरोबर तासभर चालला आणि त्याने आपलं लहानपण सांगितलं. ती ओळखही तुमच्याच खात्यात.

काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बांधून दिलेली चीज भरलेली बानित्सा साराजेव्होच्या बसमध्ये संपली, आणि गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा पुण्यात आईने पोळीबरोबर वाढला. केसरबाईंची जेवढी ध्वनिमुद्रणं मिळाली तेवढी नातीच्या हवाली केली आहेत. तुमच्या गाडीत कॅसेटच चालते, म्हणून एका ओळखीच्यांकडून ती कॅसेटवर उतरवून घेते आहे, पार्सल महिनाअखेरीस निघेल. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
पुण्याची पाहुणी