गृहमंत्री साहेब, तुरुंगात राहिलेले आमचे पैसे परत द्या

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सविनय नमस्कार.

नवऱ्याचे तुरुंगात राहिलेले पैसे मिळावेत म्हणून तक्रार केली होती. परवा मोबाइलवर मेसेज आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ पैसे मिळाले नाहीत, कुणी साधा फोन केला नाही, आणि तक्रार निकाली! म्हणून आता हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझा नवरा एका मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी होता, म्हणजे खटला चालू, शिक्षा झालेली नाही. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. सुटला तेव्हा तुरुंगात त्याच्या नावाने ठेवलेल्या खाजगी रोख खात्यावर 5,640 रुपये शिल्लक होते. कपडे दिले, कागद दिले, घड्याळ दिलं. पैशांचं विचारलं तर म्हणाले, कॅशवाले साहेब घरी गेले, सकाळी या. आमचं गाव तिथून एसटीने अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. ज्याच्या खिशात तिकिटापुरते पैसे नाहीत त्याने रात्र कुठे काढायची? समोरच्या चहावाल्याने त्याला फोन लावू दिला. मी शेजारणीकडून उसने घेतले, चहावाल्याच्या नंबरवर पाठवले, तेव्हा तो घरी आला.

पुढे गेलो तर सांगितलं, रोख मिळणार नाही, चेक निघेल, पासबुक आणा. खातं वापरात नव्हतं म्हणून बँकेने बंद केलेलं. केवायसीला गेलो तर आधारला जोडलेला मोबाइल नंबरच बंद. हे सगळं निस्तरून अर्ज दिला, पोच मागितली, तर इथे पोच देत नाहीत म्हणे. सरकारी दारात आपल्याच पैशासाठी गयावया करावी लागते, आणि वर ‘कैद्याची बायको’ म्हणून नजर झेलावी लागते. निर्दोष सुटलेल्या माणसाची बायको आहे मी, साहेब.

ते पैसे कुठून आले तेही ऐका. मी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. तव्यासमोर उभं राहून पाय सुजतात. त्यातून मनी ऑर्डर करायचे, कारण आत साबण, तेल, बिस्किटं कॅन्टीनमधून विकतच घ्यावी लागतात. पोरीची सहल राहिली, सासूबाईंच्या गोळ्या अर्ध्याच आणल्या, पण मनी ऑर्डर चुकवली नाही. त्याने आत कुणापुढे हात पसरू नये, एवढंच मनात होतं. तोही जपून खर्च करायचा. सुटल्यावर टेम्पोच्या लायसन्सचं बघता येईल, म्हणायचा. लायसन्सची मुदत आतच संपली होती. आज तो टेम्पो चालवत नाही, मार्केट यार्डात पोती उचलतो.

1894 च्या कारागृह अधिनियमाच्या कलम 25 मध्येच लिहून ठेवलं होतं की कैद्याचे पैसे जेलरच्या ताब्यात ठेवायचे. म्हणजे जेलर राखणदार, मालक नाही. मनी ऑर्डर आत जाताना नाव, नंबर सगळं तपासून जमा होते. परत द्यायच्या वेळीच कर्मचारी कसे नसतात?

सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलं की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पोचला पाहिजे, आणि 7 दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकाने गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवलं पाहिजे. माणसाला सोडायला मुदत घालता येते, तर त्याच्या पैशाला का नाही?

1 मे 2022 ला येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली. कैद्यांना 50,000 रुपयांपर्यंत कर्ज, 7 टक्के व्याजाने. योजना चांगलीच आहे. पण कैद्याला कर्ज देण्याची सोय बसवणाऱ्या सरकारला त्याचे स्वतःचे पैसे फाटकावर मोजून देता येऊ नयेत?

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती. त्यातली 4,34,302 कच्चे कैदी, शंभरातली पंचाहत्तर. एकेकाच्या खात्यावर हजार रुपये धरा, 43 कोटी होतात. हा माझा, पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हिशोब. खरा आकडा तुमच्या रजिस्टरांत आहे. महाराष्ट्रातल्या तुरुंगांत सुटून गेलेल्यांचे किती रुपये पडून आहेत, तुरुंगवार जाहीर करा. गरीब माणूस भाड्याला पैसे नाहीत म्हणून परत येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आणि तुरुंगात गेलेल्या वर्षांचं काय? सरकारला कायद्यांबद्दल सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात खोट्या खटल्यांत भरडलेल्यांना भरपाई देणारा कायदा करा म्हणून सांगितलं. कुठे आहे तो कायदा? आम्ही वीजबिल एक दिवस उशिरा भरलं तर विलंब आकार लागतो. सरकारने आमच्या घरातला कमावता माणूस वर्षानुवर्षं आत ठेवला, त्याचा आकार कुणी भरायचा? वकील, ओळख, पैसा असलेल्यांसाठी रात्रीसुद्धा फायली हलतात. आमच्यासाठी पाच वाजले की कुलूप.

भरपाई तुम्ही देणार नाही, हे कळून चुकलंय. निदान एवढं करा. सुटकेचा आदेश आला की माणूस फाटकाबाहेर पडायच्या आधी त्याची शिल्लक हातात द्या, रोख किंवा तो सांगेल त्या खात्यावर. कॅशवाले गेले असतील तर रात्रपाळीच्या जेलरला तो अधिकार द्या. शिल्लक राहिलीच तर सही-शिक्क्याची पावती द्या आणि पैसे घरपोच मनी ऑर्डरने पाठवा. तुम्हाला आमचा पत्ता माहीत आहे, समन्स त्याच पत्त्यावर यायचं.

आणि माझ्या नवऱ्याचे 5,640 रुपये लगेच पाठवा.

आपली,
एका निर्दोष सुटलेल्या माणसाची बायको